सुऱ्यांच्या जत्रेला जाताना

अमेरिकेत लेकीकडे पहिल्यांदा निघालेल्या आईबापांना सल्ल्यांची वाण कधी पडत नाही. औषधं डॉक्टरच्या चिठ्ठीसकट न्या, गोडा मसाला कपड्यांच्या मधोमध ठेवा, नायगाऱ्याच्या बोटीत रेनकोट देतात तो परत मागत नाहीत तेव्हा नीट घडी घालून आणा, सगळं सगळं सांगितलं जातं. पण अटलांटाला चाकू-सुऱ्यांची जी अवाढव्य जत्रा भरते, तिथे पहिल्यांदा जाणाऱ्याने कसं वागावं हे आमच्या सोसायटीतल्या एकाही अमेरिकारिटर्न गृहस्थाने आजवर सांगितलेलं नाही. ही उणीव भरून काढणं माझ्या नशिबी आलं. वास्तविक माझा आणि सुरीचा संबंध हापूस आंब्यापुरता. आमच्या घरी भाजी विळीवर चिरली जायची आणि घरातली एकुलती एक सुरी एप्रिलमध्ये वरच्या फळीवरून उतरून जूनमध्ये पुन्हा वर जायची. मोसमी वाऱ्यांसारखा तिचा कार्यक्रम ठरलेला असे.

तर ही जत्रा. नाव 'ब्लेड शो'. ती स्वतःला जगातली सर्वांत मोठी म्हणवते आणि आत एक चक्कर मारल्यावर तिच्याशी वाद घालण्याचं त्राण आपल्यात उरत नाही. जूनच्या सुरुवातीला, शुक्रवार ते रविवार असे तीन दिवस. पूर्वी ती शहराबाहेरच्या कॉब गॅलेरियात भरायची. २०२४ साली ती शहराच्या ऐन मध्यावर, जॉर्जिया वर्ल्ड काँग्रेस सेंटर नावाच्या इमारतीत आली. मी गेलो तो त्याच साली. ("काँग्रेस सेंटर? तिथे कसलं अधिवेशन आहे?" इति सौभाग्यवती.)

मी गेलो म्हणजे मला पाठवण्यात आलं. आमचे जावईबापू स्वभावाने मितभाषी. लग्नाला तेव्हा अकरा वर्षं झाली होती आणि त्या अकरा वर्षांत त्यांच्या-माझ्यात झालेलं एकूण संभाषण एका पोस्टकार्डावर मावलं असतं, वर पत्त्याची जागा मोकळी राहिली असती. "प्रवास बरा झाला?" "हो." "पाऊस?" "बरा आहे." इथे कार्ड संपलं. या शांत माणसाला चाकू जमवण्याचा नाद. कपाटातल्या तीन खणांत मखमलीवर बेचाळीस चाकू निजवून ठेवलेले. आमच्या कन्येचं आणि त्या खणांचं सख्य विळ्या-भोपळ्याचं. "बाबा, गेल्या वर्षी एक चाकू तेराशे डॉलरला आणला याने. तेराशे! त्याने अजून एक बटाटासुद्धा सोललेला नाही. तुम्ही बरोबर जा आणि पाचशेच्या वर जाऊ देऊ नका." हसतच सांगत होती. पण सांगताना ओट्यावरच्या फडक्याची तिने चार वेळा घडी केली आणि चार वेळा मोडली. शिवाय तीन आठवडे त्या घरात नवराबायकोचं बोलणं "दूध आण" आणि "आणलंय" एवढ्यावरच चाललं होतं, ते आम्हा दोघांना ऐकू येत होतंच. तेव्हा प्रकरण बटाट्याच्या पलीकडे गेलेलं आहे, हे समजून मी बूट चढवले.

बुटांवरून आठवलं. पहिला सल्ला बुटांचाच. दालन इतकं मोठं की पंढरीच्या वारीला वापरता ते पाय इथे घेऊन यावेत. हजाराच्या आसपास मांडणारे, त्यांची टेबलांमागून टेबलं, आणि प्रत्येक टेबलावर लखलखाट. पहिल्या तासात प्रत्येक टेबलापाशी थांबाल तर तिसऱ्या रांगेत डोळ्यांपुढे नुसती पाती नाचू लागतील. आधी एक फेरी नुसती चालत मारावी, काही हातात घेऊ नये, आवडलेल्या टेबलाचा क्रमांक लिहून ठेवावा. ज्याला विकत घ्यायचं आहे त्याने शुक्रवार गाठावा. नामवंत कारागिरांची टेबलं शुक्रवारी दुपारपर्यंत ओस पडतात. मागे कारागीर आणि पुढे "संपले" अशी पाटी, एवढंच दृश्य उरतं. काही लोक तर जास्तीचं तिकीट काढून सर्वांच्या आधी आत शिरतात. ज्याला नुसत्या गप्पा मारायच्या आहेत त्याने रविवारी जावं. कारागिराचा माल संपलेला असतो, खिसा भरलेला असतो आणि पाय दुखत असतात; तो तुम्हाला बसायला खुर्ची देऊन सगळं सांगतो.

आत कोणत्या प्रकारचे लोक असतील याची आमच्या सौभाग्यवतींना घोर चिंता होती. त्यांच्या डोळ्यांपुढे हिंदी सिनेमातला रामपुरीवाला होता. पण इतकी सभ्य गर्दी मी तरी आयुष्यात पाहिलेली नाही. छातीपर्यंत दाढी रुळणारे पहिलवान एकमेकांना "आधी आपण" म्हणत होते. आज्जीबाई होत्या, शाळकरी पोरं बापाचा हात धरून होती. ज्या दालनात प्रत्येकाच्या हाताशी दहा सुऱ्या आहेत तिथे रांगेत कोणी घुसत नाही, यात नवल ते काय म्हणा. दादर स्टेशनवर हा प्रयोग करून पाहायला हरकत नाही.

यातला खरा दर्दी कोण हे ओळखायची एक खूण सांगून ठेवतो. माणसाच्या डाव्या हाताकडे बघावं. कोपरापासून मनगटापर्यंत मध्येच एक चौकोन तुळतुळीत असेल तर तो जातिवंत. धार तपासायला ही मंडळी स्वतःच्या हातावरचे केस भादरून बघतात! जावईबापू घरात उन्हाळ्यातही पूर्ण बाह्यांचा सदरा का घालतात, हे कोडं मला तिथे उलगडलं.

आता वागणुकीचं. आपल्याकडे भाजीवाल्याकडची भेंडी टोक मोडून बघायची, आंबा देठापाशी हुंगायचा, कापड दुकानात ठाण उलगडून चुरगाळून बघायचं, हा आपला जन्मसिद्ध हक्क. इथे तो वेशीबाहेर ठेवावा. चाकू उचलण्याआधी "बघू का?" असं विचारावं. विचारल्यावर कारागीर खुश होऊन स्वतःच हातात देतो, मूठ तुमच्याकडे करून. आपणही परत करताना मूठ त्याच्याकडे करायची. समोरच्याने घट्ट धरल्यावर तो "थँक यू" म्हणतो, आणि मगच आपण सोडायचं. हे "थँक यू" आभाराचं नव्हे, ते बसच्या कंडक्टरच्या डबल बेलसारखं आहे. पात्याला बोट लावायचं नाही. धार आहे म्हणून नाही फक्त, बोटाला घाम असतो म्हणून. न गंजणाऱ्या जातीचं पोलाद नसेल तर बोटाचा ठसा पात्यावर राहतो आणि तिथूनच गंज धरतो. आपण बोट लावलं की कारागीर काही बोलत नाही, फक्त खिशातून मऊ फडकं काढून पातं पुसतो. ते पुसणं पाहून भल्याभल्यांचे चेहरे उतरलेले मी पाहिले. घडीचा चाकू फटाफट उघडमीट करून दाखवू नये. तो खुळखुळा नाही. आणि आजूबाजूला बघितल्याशिवाय हवेत वार करून तोल अजमावू नये, हे सांगायची गरज नाही असं तुम्हाला वाटेल. आहे.

घासाघीस तर मुळीच करू नये. एका माणसाने दोन महिने भट्टीपुढे बसून एक वस्तू केलेली असते आणि तिच्यावर आकडा लिहिलेला असतो. तो आकडा म्हणजे तो आकडा. सौभाग्यवती घरी राहिल्या हे या एका बाबतीत बरं झालं. तुळशीबागेत त्यांची सुरुवातच निम्म्यापासून होते.

पोलादाविषयी चार शब्द, कारण ते कळले नाहीत तर तीन दिवस मुक्यासारखं हिंडावं लागेल. तिथे लोक आकड्यांत बोलतात. "हा बावन्न-शंभर आहे का?" "नाही, एकावन्न-साठ." मटक्याच्या अड्ड्यावर आल्यासारखं वाटतं. पण आकडे पोलादाच्या जातींचे. ५२१०० हे बॉल-बेअरिंगचं पोलाद, ५१६० स्प्रिंगचं. ट्रकच्या चाकावर पाटे असतात ना, त्या जातीचं. नव्या जाती निघतच असतात. मॅग्नाकट नावाचं एक पोलाद २०२१ साली आलं आणि त्याचं नाव तिथे नव्या सुनेच्या कौतुकाने घेतलं जात होतं. न गंजणारं, तरी चिवट, असं दोन्ही साधलेलं.

ट्रकच्या पाट्याचं निघालं आणि एक चमत्कार झाला. जावईबापू बोलले. "आमच्या गावचा लोहार पाट्याचेच कोयते करायचा," ते म्हणाले. मी जागच्या जागी उभा राहिलो. पोस्टकार्डाचं आंतर्देशीय पत्र होत होतं. त्यांचं गाव कऱ्हाडकडलं, उसाचं. सुट्टीत आजोळी गेलं की दिवसभर लोहाराच्या पालापाशी बसायचं, भाता ओढायचा. लोहार मोडक्या ट्रकचा पाटा तापवून घणाखाली घ्यायचा आणि शेवटी पात्याला पाणी द्यायचा. पाणी देताना तो कोणाला बोलू द्यायचा नाही. रंग बघायचा असायचा. "लालचा पिवळा होतो ना बाबा, तेवढ्या वेळात." एका दमात इतकं बोलून जावईबापूंना धाप लागल्यासारखी झाली. पुढल्या तीन रांगा आम्ही पुन्हा मुकाट्याने चाललो, पण ती शांतता निराळी होती.

त्यानंतर दमास्कसचं टेबल. पात्यावर पाण्याच्या लाटांसारखी, लाकडाच्या रेषांसारखी नक्षी दिसली की ते दमास्कस समजावं. ही नक्षी कोरलेली नसते. दोन जातींच्या पोलादाचे थर एकावर एक ठेवून तापवून ठोकायचे, दुमडायचे, पुन्हा ठोकायचे, आणि शेवटी आम्लात बुडवायचं. एक थर काळा पडतो, दुसरा चकाकत राहतो. ज्यांनी साटा लावून चिरोटे केले आहेत त्यांना हे निराळं समजावून सांगायला नको. बिल मोरन नावाच्या अमेरिकन लोहाराने १९७३ साली असे चाकू लोकांपुढे मांडले आणि या कलेला तिथे नवं आयुष्य मिळालं. त्यानेच पुढाकार घेऊन १९७६ साली लोहारांची संस्था काढली. तिची 'मास्टरस्मिथ' ही पदवी मिळवायची तर आपल्या सी.ए.च्या परीक्षा बऱ्या म्हणाव्यात. स्वतः घडवलेल्या एकाच पात्याने लोंबता इंचभर जाडीचा दोर एका वारात तोडायचा, मग लाकडाची जाड फळी दोनदा तोडायची, आणि एवढं झाल्यावर त्याच धारेने हातावरचे केस निघाले पाहिजेत. मग तेच पातं शिकंज्यात धरून काटकोनात वाकवायचं, मोडता कामा नये. आणि ते दमास्कसचंच हवं, किमान तीनशे थरांचं! तीनशे पदरी चिरोटा करून तो न मोडता वाकवून दाखवा, म्हणजे अंदाज येईल.

तिथल्या कारागिराने मी भारतातला आहे असं कळताच टेबलाला वळसा घालून येऊन माझा हात हातात घेतला. म्हणाला, "अस्सल माल तुमचा, सर. आमची ही नक्कल." त्याचं म्हणणं खरं आहे. जुन्या दमास्कस तलवारी ज्या पोलादाच्या होत ते मुशीत वितळवून केलेलं पोलाद दक्षिण भारतातून वड्यांच्या रूपात इराण-अरबस्तानात जायचं. इंग्रज त्याला 'वूट्झ' म्हणत. कन्नडमधल्या 'उक्कु'शी त्याचं नातं सांगतात. त्यातली नक्षी थर ठोकून आणलेली नसे, थंड होताना पोलादाच्या अंगातूनच उमटलेली असे. माल आपला आणि नाव दमास्कसचं, हे वाचून तुम्हाला स्फुरण चढणार हे मला ठाऊक आहे. पण तिथे भाषण ठोकू नये. मागे रांग असते. मी नम्रपणे मान हलवली, जणू काही माझ्या आजोबांनीच त्या वड्या बोटीत चढवल्या होत्या.

मुठींचाही एक वेगळाच संसार आहे. लाकडं, हाडं, सैबेरियाच्या बर्फात सापडलेल्या मॅमथचे दात. मायकार्टा म्हणून एक प्रकार आहे. कापडाचे किंवा कागदाचे थर राळेत दाबून केलेला. हौशी लोक त्यासाठी घरच्या जुन्या जीनच्या चड्ड्या वापरतात. आमच्या आजीने त्याचीच गोधडी केली असती. पण सगळ्यांत भाव कोणाला, तर 'इंडियन स्टॅग'ला. म्हणजे काय म्हणून बघायला गेलो तर आपल्या सांबराचं शिंग! भारताने शिंगांची निर्यात १९९० च्या दशकाच्या अखेरीला बंद केली, तेव्हापासून जुना साठा मोत्याच्या मोलाने विकला जातो. आपल्याकडे परत येणाऱ्यांनी मात्र त्या मुठीच्या मोहात पडू नये. हस्तिदंताच्याही नको. वन्यप्राण्यांचा कायदा आणि कस्टमचा अधिकारी यांच्यापुढे "हे मूळचं आपलंच आहे हो" हा युक्तिवाद टिकणार नाही.

आता लॉटरी. ही नीट समजून घ्या, कारण आमच्या घरचं सगळं तिच्यावरच येऊन ठेपलं. एखाद्या कारागिराचे चाकू चार असतात आणि घेणारे साठ. मग तो पेटी ठेवतो. आपण चिठ्ठीवर नाव लिहून टाकायचं, ठरल्या वेळी हजर राहायचं. नाव निघालं तर तुम्ही जिंकलात. म्हणजे काय मिळालं? तर पैसे देऊन चाकू विकत घ्यायचा हक्क! आपल्या महाराष्ट्र लॉटरीवाल्यांनाही हे सुचलं नव्हतं. आणि निर्णय तिथल्या तिथे. तुम्ही नको म्हणालात की दुसरी चिठ्ठी निघते.

जावईबापूंनी चिठ्ठी टाकली होती हे मला नाव पुकारलं गेल्यावर कळलं. त्यांच्या नावाचा उच्चार त्या कारागिराने असा केला की तिथे दुसरा कोणी ते नाव सांगायला पुढे येणं शक्यच नव्हतं. चाकू अकराशे पन्नासचा. हातात घेतला आणि त्यांचे कान लाल झाले. चाकू सुंदर होता हो, खोटं कशाला बोला. पात्याला पाणी दिलेल्याची रेघ धारेला समांतर ढगासारखी गेली होती. साठ माणसं श्वास रोखून उभी. जावईबापूंनी माझ्याकडे बघितलं. "बाबा, तुम्ही सांगा."

अकरा वर्षांत या माणसाने माझ्याकडे पहिल्यांदा काही मागितलं होतं. हो म्हणालो तर लेक गेली, नाही म्हणालो तर तो लोहार, तो भाता, ते पाणी, सगळंच नाही म्हटल्यासारखं. मी खिशातून फोन काढला, लेकीला लावला आणि तिने "हॅलो बाबा" म्हणताच तो त्यांच्या हातात दिला. स्वतः दोन टेबलं पलीकडे जाऊन शिकारी सुऱ्यांची म्यानं फार बारकाईने पाहू लागलो. (लॉटरीत नाव घालणाऱ्याने फोन चार्ज करून न्यावा, हा सल्ला इथला.)

ते दोघं काय बोलले ते मला आजतागायत माहीत नाही. कारागीर घड्याळाकडे बघत होता, तरी घाई करत नव्हता. एवढं दिसलं की जावईबापू बराच वेळ ऐकत होते, मग बराच वेळ बोलत होते, आणि एकदा हाताने हवेत भाता ओढल्यासारखं करून दाखवत होते. फोनवर! मग त्यांनी चाकू मूठ पुढे करून परत दिला, कारागीर "थँक यू" म्हणाला, पुढची चिठ्ठी निघाली आणि एक पोरगेला दाढीवाला जवळजवळ रडला आनंदाने.

येताना आम्ही स्वयंपाकघराच्या सुऱ्यांच्या रांगेतून आलो. तिथे गर्दी कमी असते, संग्राहक तिकडे फारसे फिरकत नाहीत, आणि माझ्या मते तिथला माल सर्वांत गुणी. जावईबापूंनी अर्धा तास घालवून एक ५२१०० ची सुरी घेतली. अडीचशे डॉलर. शिवाय एक चिमुकला घडीचा चाकू, मायकार्टाच्या मुठीचा, माझ्यासाठी.

इथे एक रिवाज पाळावा लागतो. हातात सुरी दिली की भांडण होतं, खाली ठेवावी आणि दुसऱ्याने उचलावी, असं आपल्याकडे म्हणतात. अमेरिकेतही तसंच आहे. चाकू भेट दिला तर नातं तुटतं, म्हणून घेणाऱ्याने देणाऱ्याला एक सेंट द्यायचा, म्हणजे ती भेट न राहता विक्री होते. जावयाकडून फुकट काही घेणं आमच्या घराण्यात बसत नाहीच, तेव्हा सेंट देऊन दोन्ही देशांचे शास्त्रार्थ मी एकदम सांभाळले. त्यांनी तो खरोखर पाकिटात ठेवला.

लेकीने मात्र सेंट दिला नाही. सुरी बघितली, हातात तोलली, आणि संध्याकाळी तिच्यावर कैरी चिरली. कार्बनच्या पोलादावर कैरी! मी जावईबापूंकडे बघायचं टाळलं. पातं बघता बघता निळसर, मग काळं पडलं. आपली जुनी लोखंडी विळी चिंचेने पडायची, अगदी तस्सं. स्वयंपाकघरात काही वेळ कोणी बोललं नाही.

"याला पॅटिना म्हणतात," जावईबापू सावकाश म्हणाले. "धुऊन लगेच पुसलीस तर गंजणार नाही. उलट चांगलं असतं ते."

"असं का?" लेक म्हणाली. "मग त्या बेचाळीसांतला एखादा काढ ना बाहेर. फणस आणलाय तो कोण फोडणार?"

तो फोडायला त्यांना पाऊण तास लागला, कारण कोणता चाकू काढायचा यावर दोघांत चर्चा झाली. फणसाला धार लागत नाही, तेल लागतं, असं आतून सौभाग्यवती ओरडत होत्या, पण तिकडे कोणाचं लक्ष नव्हतं.

एक राहिलंच. परतीच्या विमानात चाकू हातातल्या पिशवीत ठेवू नये, मोठ्या बॅगेत टाकावा. गोड्या मसाल्याची जागा तोपर्यंत रिकामी झालेली असते.